उभ्या गाडीची फट पाहून चाक निवडू नका

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«माझ्याकडे २०१५ची स्विफ्ट व्हीडीआय आहे. गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने चारही स्प्रिंग कापून गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. चाकं अजून कंपनीचीच आहेत. लोखंडी रिम, टायर १६५/८० आर१४. रिमच्या पाठीमागची धूळ खरवडून पाहिली तर ५जे आणि ४५ असे आकडे दिसले. गाडी खाली आल्यावर ही चाकं फेंडरच्या आत हरवल्यासारखी वाटतात. अलॉयच्या दुकानदाराने १७ इंची, साडेसात जे, ऑफसेट ३५ असा सेट दाखवला आणि त्यावर २०५/४० टायर सांगितला. म्हणाला, टायर बारीक आहे, घासणार नाही. घासलाच तर लायनर कापू. मी चाकणला नोकरी करतो, शनिवारी कराडजवळच्या गावी जातो, येता-जाता आई-बाबा आणि बहीणही असतात. चौघं बसलो की मागून आत्ताच खर्र-खर्र आवाज येतो. १७ घेऊ की १६? जुनी चाकं दुकानदार एक्स्चेंजमध्ये मागतोय, देऊन टाकू का?»

उत्तर:

तुमचा प्रश्न सोळा की सतरा असा आहे, पण पत्र वाचताना मी अडकलो तो त्या आवाजापाशी. चौघं बसले की मागून खर्र होतंय, आणि तेही कंपनीच्या टायरवर. हे व्हायला नको. का नको, हे समजलं की तुमच्या चाकाचं मापही बऱ्यापैकी आपोआप ठरेल.

प्रत्येक चाकाच्या वर जाण्याला एक शेवट असतो. शॉकअपच्या दांड्यावर किंवा स्प्रिंगच्या पोटात रबराचा नाहीतर फोमचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. मोठ्या खड्ड्यात चाक वर उसळलं की शेवटी ते या ठोकळ्याला टेकतं आणि तिथे थांबतं. कंपनी टायर निवडते तो याच जागेवरून: चाक ठोकळ्याला पूर्ण टेकलेलं, पुढचं असेल तर स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं, आणि तरीही टायर फेंडरला, फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला म्हणजे लायनरला, शॉकअपला लागत नाही.

आता गाडी ४० मिमी खाली घेतल्यावर काय बदललं? उभ्या गाडीत चाक फेंडरच्या जवळ आलं, हे दिसतं. पण ठोकळा शाबूत असेल तर चाकाची सगळ्यात वरची जागा एका मिलिमीटरनेही बदललेली नसते. पूर्वी तिथवर जायला चाकाला जेवढी वाट होती, त्यातली ४० मिमी आधीच संपली, एवढंच. म्हणजे पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी ठोकळ्याला टेकणारं चाक आता रोज टेकेल, गाडी दणके देईल, पाठ बोलायला लागेल. पण कंपनीचा टायर घासायचा नाही.

तुमचा घासतोय. मग माझा पहिला संशय असा, की स्प्रिंग कापताना त्या माणसाने ठोकळेही कापलेत किंवा काढूनच टाकलेत. «गाडी दणके देते» अशी तक्रार येऊ नये म्हणून हे सर्रास केलं जातं. दुसरा संशय, कापलेला स्प्रिंग आपल्या वाटीत नीट बसलेला नाही आणि मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला जास्त दबतोय. गाडी रॅम्पवर घ्या, मागची चाकं काढा आणि दोन्ही बाजू स्वतः पाहा. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर किंवा लायनरच्या कडेला चकाकणारी घासलेली पट्टी दिसेल. ती कुठे आहे याचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल माझं मत कडक आहे. गाडी कमी करण्याला माझा विरोध नाही. नीट केलेली कमी गाडी वळणावर छान बसते आणि दिसतेही देखणी. पण वेढे कापले की उरलेला स्प्रिंग जास्त कडक होतो आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा राहतो, तो त्याला आवरू शकत नाही. शिवाय स्प्रिंगची उंची कमी झाल्याने चाक हवेत लोंबकळलं की, म्हणजे जॅकवर किंवा एखाद्या उसळीनंतर, स्प्रिंग सैल पडून वाटीतून सरकू शकतो. गॅसने कापला असेल तर आणखी वाईट, कारण त्या उष्णतेने जवळच्या पोलादाचं पाणी उतरतं. म्हणून अलॉयसाठी जमवलेल्या पैशांतून आधी तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेले लोअरिंग स्प्रिंग घ्या, गाडी ३० मिमीच्या आसपास खाली घेणारे, आणि त्यांच्यासोबत चारही नवे बंप स्टॉप. काही स्प्रिंगच्या माहितीपत्रकात ठोकळा अमुक इतका छाटा असं लिहिलेलं असतं. तेवढाच छाटायचा, अंदाजाने नाही. उरलेल्या पैशांत चाकं. उरले नाहीत तर चाकं दिवाळीला.

आता दुकानदाराच्या सेटकडे येऊ.

टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. तिसरा, रिमचा व्यास इंचांत. भिंत दोनदा मोजायची आणि त्यात रिम मिळवायचा, की चाकाचा पूर्ण व्यास निघतो. तुमचा १६५/८० आर१४ : भिंत १३२ मिमी, दोन भिंती २६४, रिम ३५५.६, एकूण जवळपास ६२० मिमी. दुकानदाराचा २०५/४० आर१७ : भिंत ८२, दोन भिंती १६४, रिम ४३१.८, एकूण ५९६. म्हणजे हे १७ इंची «मोठं» चाक तुमच्या आत्ताच्या १४ इंची चाकापेक्षा २४ मिमीने लहान आहे!

टायर घासणार नाही असं तो म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. व्यास कमी झाल्याने वरची फट १२ मिमीने वाढेल. पण फट वाढली म्हणजे तुम्हाला जी नको आहे तीच फट वाढली. गाडी खाली घेतली होती ती फट घालवायलाच. आणि गाडीचं पोट तेवढेच १२ मिमी आणखी खाली जाईल. स्विफ्टचा कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. चाळीस तुम्ही घालवले, १३० राहिले. या टायरवर ११८ राहतील. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९६ ने चालत असेल आणि किलोमीटर मात्र पूर्ण पडतील. मायलेज वाढल्याचा आनंद कागदावर होईल.

व्यासाचा फरक दीड-दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा आणि मोठ्या बाजूला तर शक्यतो जायचंच नाही, असं मी धरून चालतो. मोठ्या बाजूला गेलं तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, आणि कमी केलेल्या गाडीत टायर वरच्या लायनरच्या आणखी जवळ जातो. तुमच्या ६२० च्या जवळपास बसणारी मापं चार : १८५/६५ आर१५ (६२१.५), १९५/६० आर१५ (६१५), १९५/५५ आर१६ (६२१), २०५/४५ आर१७ (६१६). म्हणजे १७ च हवं असा हट्ट असेल तर माप २०५/४५ असायला हवं होतं. ४० चा टायर मुळातच चुकीचा सुचवला गेलाय.

हे चारही टायर फेंडरखालची जागा सारखीच भरतात, हे लक्षात घ्या. फेंडर आणि टायरमधली फट टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरते. रिम मोठा घेतला तर आतलं रबर कमी होऊन धातू जास्त दिसतो, फट आहे तेवढीच राहते. तुमची चाकं हरवल्यासारखी दिसतात त्याचं कारण दुसरंच आहे. १६५ चा टायर अरुंद आहे आणि आत बसलाय. त्याला थोडं रुंद करून थोडं बाहेर आणलं की काम झालं. हे १५ इंचातही होतं.

किती बाहेर? इथे ऑफसेट येतो. रिमच्या रुंदीचा मध्य धरा. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारा चपटा भाग त्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला किती मिमी आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट, रिमवर ईटी म्हणून कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. टायर बाहेर किती आणि आत किती सरकेल याचा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो : नव्या-जुन्या टायरच्या रुंदीतला निम्मा फरक, अधिक ऑफसेटमधला फरक, म्हणजे बाहेर, निम्मा फरक, उणे ऑफसेटमधला फरक, म्हणजे आत.

दुकानदाराच्या सेटला लावून बघा. २०५ वजा १६५, निम्मे २०. ऑफसेट ४५ वरून ३५, फरक १०. टायर बाहेर ३० मिमी, आत १० मिमी. रिमची कड तर याहून बाहेर येते, कारण जुना टायर ५जे, म्हणजे पाच इंच रुंद, रिमच्या बाहेर फुगलेला असतो आणि नवा साडेसात इंची रिमवर ताणून बसतो. कडेकडे पाहिलं तर रिम सुमारे ४२ मिमी बाहेर येतो. एवढं बाहेर आलेलं चाक मागच्या फेंडरच्या दुमडलेल्या पत्र्याखाली सरळ जातच नाही. चौघं बसले की पत्रा टायरचा खांदा सोलतो. मग लायनर कापा, मग फेंडर रोल करा, म्हणजे त्याची कड आत दाबा, मग रंग फुटला, मग गंज. आणि लायनर कापला की पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल थेट पत्र्याच्या आतल्या बाजूला आणि वायरिंगवर जाऊन बसतो, ते दिसतही नाही.

अजून एक गोष्ट. स्टिअरिंग ज्या कल्पित रेषेभोवती वळतं, त्या रेषेपासून टायरचा मध्य जितका बाहेर जाईल तितकी रस्त्यावरची प्रत्येक खाच हातात जाणवते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी केलेल्या चाकोऱ्या तुमच्या गावाकडे असतीलच. त्यांच्यावर असं चाक आपणहून डावी-उजवी ओढ घेतं आणि ब्रेक लावताना ही ओढ वाढते. हबच्या बेअरिंगवरही ताण वाढतो, पण बेअरिंग बोलायला वेळ लागतो, म्हणून त्याचा विचार कुणी करत नाही.

आता मी तुम्हाला काय घ्यायला सांगेन ते. १५ इंची रिम, ६जे रुंदी, ऑफसेट ४० च्या आसपास, त्यावर १८५/६५ आर१५. हिशेब लावला तर टायर बाहेर १५ मिमी आणि आत फक्त ५ मिमी. हरवलेलं चाक बाहेर दिसायला लागेल आणि शॉकअपच्या बाजूला जागा राहील. हे टायरचं माप मारुतीनेच या स्विफ्टच्या झेडडीआय या वरच्या मॉडेलला दिलेलं होतं, ते व्यासात तुमच्या टायरपेक्षा दोनच मिलिमीटरने वेगळं आहे, त्याची भिंत १२० मिमी आहे आणि तालुक्याच्या गावातही ते शनिवारी संध्याकाळी मिळतं. शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण रस्त्याच्या कडेला फाटका टायर घेऊन बसलेल्या माणसाला विचारा.

सोळाच हवं असेल तर १९५/५५ आर१६, साडेसहा जे, ऑफसेट ४० ते ४५. दिसायला हे मलाही जास्त आवडतं. पण भिंत १०७ वर येते. २०५/४५ आर१७ ला ९२, आणि तुम्हाला दाखवलेल्या टायरला ८२. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आपटतं तेव्हा रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढंच रबर आणि हवा असते. शिवाय तुमच्या गाडीत ठोकळ्यापर्यंतची वाट आधीच कमी आहे, म्हणजे आपटण्याचा जोर सस्पेन्शनने पूर्ण पचवायच्या आतच चाक थांबतं आणि उरलेला सगळा टायरवर येतो. रिम वाकतो, नाहीतर भिंतीच्या आतले दोरे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. कमी केलेल्या गाडीला भिंत जास्त लागते, कमी नाही, असं माझं म्हणणं आहे. अलॉयच्या दुकानात याच्या बरोबर उलट ऐकू येईल.

टायरवर मापाच्या शेजारी एक दोन आकडी संख्या आणि एक अक्षर असतं, त्याकडे दुर्लक्ष करू नका. तो भारांक आणि वेगमर्यादा. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०, ८४ म्हणजे ५००. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीने जो भारांक दिलाय त्याच्या खाली जायचं नाही, अक्षराच्याही खाली नाही. १८५/६५ आर१५ साधारणपणे ८८ मध्ये येतो, १९५/५५ आर१६ बहुधा ८७ मध्ये. २०५/४५ आर१७ साधा घेतला तर ८४ येऊ शकतो. तुमच्या जुन्या टायरवर ८५ असेल तर तो बसत नाही, जास्त भाराचा एक्सएल प्रकार शोधावा लागेल. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, उदाहरणार्थ ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. सेलमधल्या टायरवर हे आधी पाहा, भाव नंतर.

रिमच्या बाबतीत मापापलीकडे तीन गोष्टी आहेत. स्विफ्टला चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर, याला पीसीडी ४×१०० म्हणतात. बाजारात चारऐवजी आठ भोकं असलेले रिम मिळतात, ४×१०० आणि ४×१०८ दोन्हींना चालणारे. बसतात ते, पण निवड असेल तर मी चार भोकांचाच घेतो. दुसरं, मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा आहे, आणि बाहेरचे रिम सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून ६७ किंवा ७३ मिमीचं भोक पाडून विकतात. मधली पोकळी भरायला प्लॅस्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी मिळते, हब रिंग. ती न लावता बसवलेलं चाक नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, थोडं चुकलं की ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि मग माणूस तीनदा बॅलन्सिंग करून येतो. स्वस्त वस्तू आहे, दुकानदार विसरतात, तुम्ही विसरू नका. तिसरं, नट. सुझुकीचे नट १२ मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. दुकानातल्या डब्यात पिच १.५ चे नट ढिगाने असतात, ते होंडाला, ह्युंदाईला चालतात. दोन आटे सरळ जातो, मग घट्ट होतो, आणि न्यूमॅटिक गनने मारला की स्टडचेच, म्हणजे हबवरच्या बोल्टचेच, आटे खाऊन टाकतो. पहिले काही आटे हाताने फिरवून बघायचे, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

रिमवर आयएसआय चिन्ह आहे का आणि कमाल भार कोरलाय का तेही बघा. जेडब्ल्यूएल हे अक्षर पाहून लगेच खूश होऊ नका, तो शिक्का बनवणारा स्वतःच मारतो. त्याच्या शेजारी व्हीआयए असेल तर बाहेरच्या संस्थेने तपासलंय असा अर्थ होतो, अर्थात शिक्का खरा असेल तर.

घ्यायच्या आधी चाक बसवून बघायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते गाडी जमिनीवर उभी असताना नाही. दुकानात नवं चाक लावतात, फेंडरखाली दोन बोटं जातात का पाहतात, आणि «बसलं साहेब» म्हणतात. उभ्या गाडीची फट काहीच सांगत नाही. नवे स्प्रिंग बसवायच्या दिवशीच अलॉयचं एक चाक आणि त्यावर त्याच मापाचा टायर गॅरेजवर आणून ठेवा. स्प्रिंग बाहेर काढलेला असताना शॉकअप आणि बंप स्टॉप जागेवर लावून घ्या, चाक बसवा आणि खालच्या आर्मला जॅक देऊन चाक ठोकळ्याला टेकेपर्यंत वर उचला. स्प्रिंग नसल्याने सहज उचललं जातं. मग पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत. मागे फेंडरच्या दुमडलेल्या कडेपाशी आणि पुढे शॉकअपच्या वाटीपाशी किती जागा उरते ते मोजा. शॉकअपच्या बाजूला पाच मिमी आणि फेंडरच्या बाजूला आठ-दहा मिमी मोकळे असले पाहिजेत. ठोकळा रबरी आहे, जोराच्या धक्क्यात तो आणखी थोडा दबतो, टायरही थोडा फुगतो. त्यासाठी ही जागा.

हे करायला गॅरेजवाला कंटाळत असेल तर दुसरी, जरा गावठी पण चालणारी पद्धत. लायनरच्या आणि फेंडरच्या कडेला लहान मुलांच्या क्लेचे गोळे चिकटवा, मागे तिघांना बसवा, डिकीत सामान टाका आणि एखाद्या उताराच्या कडेवर गाडी तिरकी चढवा, म्हणजे एका बाजूचं मागचं चाक पूर्ण दबेल. मग दुसऱ्या बाजूने. क्ले चपटी झाली असेल तिथे जागा नाही.

स्पीड ब्रेकरचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण चाकण ते कराड आणि पुढे गाव म्हटल्यावर तो विषय येतोच. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४३ मीटर, म्हणजे असा गतिरोधक त्या अंतरापेक्षा लांब आहे. दोन्ही चाकं त्याच्या चढ-उतारावरच असतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाखालचे फक्त ४३ मिमी खातो. १३० मधून ते गेले, चौघं बसल्यावर समजा आणखी ३५ गेले, तरी ५० च्या वर उरतात. त्याच्यावरून तुम्ही आरामात जाल. पण ग्रामपंचायतीने रात्रीत डांबराचा ढीग टाकून केलेला जो असतो, फूट-दोन फूट रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच, तो पूर्णच्या पूर्ण उंची खातो. १३० वजा ३५, म्हणजे ९५ मिमीच्या पोटाखालून १२० मिमीचा ब्रेकर जाणार नाही. तिथे एकेक चाक तिरकं घ्यावं लागेल, किंवा आई-बाबांना उतरून चालावं लागेल, आणि आई काही बोलणार नाही पण बाबा बोलतील. स्प्रिंग ३० मिमीचे घ्या म्हटलं त्यामागे हेही होतं. टायरचा व्यास कमी करून आणखी १२ मिमी घालवणं तर मुळीच परवडणारं नाही.

कायद्याचंही सांगतो, घाबरवायला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर १६ इंची चाकांच्या हजारो गाड्या फिरतात हे मलाही दिसतं. पण अपघात झाल्यावर विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो तेव्हा तो हजारो गाड्या बघत नाही, तुमची बघतो. कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेलं टायरचं माप तिथे तुमच्या बाजूने बोलतं. लोअरिंग आणि अलॉय दोन्ही विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. कापलेले स्प्रिंग मात्र कुठल्याच कागदावर समजावता येणार नाहीत.

नवे स्प्रिंग बसले की थेट व्हील अलाइनमेंटला जाऊ नका. आठवडाभर चालवा, स्प्रिंग बसू द्या, मग जा. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचं तोंड आत-बाहेर फिरतं, म्हणजे टो बिघडतो, आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, तोही थोडा आत जातो. टायरची आतली कड खाल्ली जाते त्याला लोक झुकलेल्या चाकाला दोष देतात, पण बहुतेक वेळा खरा चोर टो असतो. स्विफ्टला पुढचा टो सहज लावता येतो. मागे एकच आडवा अ‍ॅक्सल असल्याने तिथे लावायला फारसं काही नाही. फक्त दोन्ही बाजूंचे आकडे छापून घ्या, फरक जास्त असेल तर अ‍ॅक्सल वाकलाय असं समजा. दर दोन-तीन आठवड्यांनी टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवत जा. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आत तारा निघालेल्या असतात, हे कमी केलेल्या गाड्यांत नेहमीचं आहे. हवा स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. चौघं आणि सामान असेल तर भरलेल्या गाडीचा जो आकडा दिलाय तो.

जुन्या चाकांचं विचारलंत. देऊ नका. १४ इंची लोखंडी रिमला एक्स्चेंजमध्ये जे मिळतं त्यात धड एक टायरही येत नाही. एक स्टेपनीत आहेच. १६५/८० आणि १८५/६५ यांचा व्यास जवळपास सारखा असल्याने पंक्चर झाल्यावर हळू चालवत गावापर्यंत नेता येतं. मात्र अलॉयचे नट त्या लोखंडी रिमला नीट बसतात का ते आधीच घरी लावून पाहा, आणि बसत नसतील तर जुने चार नट डिकीत ठेवा. बाकीची चार चाकं आणि मूळ मापाचे स्प्रिंग गावच्या घरी माळ्यावर टाका. गाडी २०१५ची आहे, २०३० मध्ये तिच्या नोंदणीचं नूतनीकरण येईल आणि आरटीओत गाडी दाखवावी लागेल. त्याआधी विकायची ठरली तरी गिऱ्हाईक कंपनीची उंची आणि कंपनीची चाकं मागतो. तुमचे मूळ स्प्रिंग कापले गेलेत, तेव्हा पूर्ण मापाचा एक जुना संच भंगारवाल्याकडून किंवा दुसऱ्या स्विफ्टवाल्याकडून आत्ताच शोधून ठेवा. स्प्रिंग कधी बदलणार ते कळवा, आणि त्या खर्र आवाजाच्या जागेचा फोटो पाठवा.